छपरावरचा पाइप

आमचे हे म्हणजे एक नंबरचे घाबरट. मी हे त्यांच्या तोंडावर म्हणते, त्यामुळे पाठीमागे सांगायला काही हरकत नाही. रस्ता ओलांडायचा तर दोन्हीकडे बघतात, मग पुन्हा पहिल्या बाजूला बघतात, आणि तोवर सिग्नल बदललेला असतो. घराला कुलूप लावलं की ओढून बघतात, जिना उतरतात, आणि खाली गेल्यावर मला विचारतात, "अगं, तू पण ओढलंस ना एकदा?" स्कूटर आमच्याकडे मी चालवते. हे मागे बसतात, आणि एखादा सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला तरी माझ्या खांद्यात बोटं रुतवून "हळू, हळू" करत राहतात. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तर यांच्या पाठी अख्खं कुटुंब लागलंय ब्रह्मराक्षसांचं.

स्वयंपाकघरात धूर ओढणारा पंखा आहे. तो लावला की हे टिश्यू कागदाची एक पट्टी फाडतात आणि जाळीसमोर धरतात. पट्टी आत ओढली गेली, जाळीला चिकटली, की मान हलवतात आणि मगच मला गॅस पेटवू देतात. पहिल्या पहिल्यांदा मी डोक्याला हात लावला. "अहो, घरघर ऐकू येतेय की! पंखा फिरतोय!"

"पंखा फिरतो हे कानाला कळतं. हवा बाहेर जाते की नाही ते पट्टीला कळतं," हे म्हणाले. मी मनात म्हटलं, बाई गं, आता हे जन्मभर ऐकायचं.

आमची लेक मात्र याच वातावरणात मजेत वाढली. लहानपणापासून फ्रॉकच्या खिशात खडे साठवायची, धुताना मशीनमधून दगड निघायचे, म्हणून तिला आम्ही खार म्हणतो. मी विचारावं, "खार, गॅस बंद केलास का?" तर ती पुस्तकातून डोकंही वर न काढता म्हणायची, "बाबांनी बघितलंय ना? मग झालं." आणि खरंच, मग झालेलंच असायचं. अशा माणसाशी लग्न करून मला शांत झोप लागते, हे मी कुणाजवळ कबूल केलेलं नाही.

यांची नोकरी भूशास्त्राच्या एका कार्यालयात. काम म्हणजे सूची करायची. दगडमातीचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळा ठिकठिकाणी असतात, कुणाकडे दगड पातळ कापायचं यंत्र असतं, कुणाकडे माती भाजायची भट्टी, आणि शेजारच्याला त्याचा पत्ता नसतो. एकाच रस्त्यावरच्या दोन कॉलेजांनी एकच यंत्र मागवलं आणि दोन्हीकडे ते धूळ खात पडलं, असंही झालंय. म्हणून सगळ्यांनी मिळून संगणकावर एक सामाईक सूची काढली. कुठे कुठलं यंत्र आहे, ते काय करतं, कुणाला फोन करायचा, यंत्राचा आणि इमारतीचा फोटो, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ते चालू आहे की बंद. ज्याच्या कॉलेजात सोय नाही त्याने सूची उघडायची, जागा शोधायची आणि आपले दगड घेऊन तिथे जायचं. प्रत्येक नोंदीखाली ती तपासणाऱ्याचं नाव असतं. पुष्कळ नोंदींखाली यांचं.

या कामाला यांच्याइतका लायक माणूस शोधून सापडला नसता. भिणारा माणूस कुणाच्या शब्दावर जातच नाही. हे स्वतः त्या प्रयोगशाळेत जात, यंत्र सुरू करायला लावत, ते काम करताना बघत आणि मगच लिहीत. पाहिल्याशिवाय 'चालू' नाही, हा यांचा कायदा. एका ठिकाणी नमुने वाळवायच्या ओव्हनमध्ये सगळ्यांचे जेवणाचे डबे गरम होत होते. यांनी नोंद केली, 'चालू. सध्या डबे गरम होतात. नमुने ठेवू नयेत.' तिथल्या बाईंनी फोन करून यांना धारेवर धरलं. हे "हो मॅडम, हो मॅडम" करत राहिले, घाम पुसत राहिले, पण नोंद काही बदलली नाही.

आता एक गोष्ट नीट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. दगडातून लाखो वर्षांपूर्वीचे परागकण काढायचे असतील तर दगड विरघळवावा लागतो. त्याला एक आम्ल लागतं. ते काच खातं, म्हणून ते प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवतात. हातावर थेंब पडला तर कधीकधी लगेच दुखतसुद्धा नाही, आणि दुखायला लागतं तेव्हा ते आत हाडाशी पोचलेलं असतं. त्याची वाफ छातीत गेली तर फुप्फुसात पाणी होतं. हे सगळं मला यांनीच सांगितलंय, जेवताना. अशी कामं ज्या कपाटात करतात त्याला फ्यूम हूड म्हणतात. काचेचं सरकतं दार असलेलं मोठं कपाट, वर पंखा, पंख्याला जोडलेला पाइप, आणि पाइप छपरातून बाहेर. वाफ वर ओढून आभाळात सोडायची. प्रत्येक फ्यूम हूडसमोर हे आपली कागदाची पट्टी धरायचे. आमच्या स्वयंपाकघरातला कार्यक्रम तिकडूनच आलेला.

मग कार्यालयात नवे साहेब आले. पाहुण्यासारखं गोड बोलायचे. म्हणाले, इतका प्रवास कशाला? प्रयोगशाळांना ईमेल करा, ते कळवतील, नवा फोटो पाठवतील, तुम्ही इथे बसून नोंदीचं नूतनीकरण करा. झालं! उंटावरून शेळ्या हाकायच्या. घरी हे आठवडाभर धुमसले. "असं कसं चालेल? डोळ्यांनी बघायला नको?"

"मग साहेबांना सांगा की."

"सांगतो."

कुठलं सांगतायत! साहेबांच्या खोलीच्या दारापर्यंत जायचे आणि पाणी पिऊन परत यायचे. घाबरट माणसाची हीच तर पंचाईत. दोन गोष्टींची भीती वाटली की जवळची जिंकते. आम्लाची बाटली कुठेतरी लांब होती आणि साहेब रोज समोर. मी पण चिडवलं, "अहो, साहेब काय खातात का?" हे हसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून खुर्चीत बसून नूतनीकरण सुरू झालं. जुनं यंत्र, तेच प्रमुख, 'सर्व व्यवस्थित' असं उत्तर, नवा फोटो डकवला, 'चालू' तसंच ठेवलं, खाली नाव.

खार तोवर भूशास्त्रच शिकायला लागली होती, दुसरं काय करणार. तिचे दगड विरघळवायचे होते आणि कॉलेजात सोय नव्हती. एकदा संध्याकाळी नाचतच घरी आली. "बाबा, तुमच्याच सूचीत सापडली प्रयोगशाळा! खाणीकडच्या रस्त्याला. उद्या बोलावलंय."

यांची छाती अशी फुगली, मी कधी पाहिली नव्हती. मग सूचना सुरू झाल्या. हातमोजे दोन जोड, एकावर एक. गॉगल. भाजल्यावर लावायचं कॅल्शियमचं मलम आधी शोधून टेबलावर ठेव आणि मगच बाटलीकडे जा. तिने विचारलं, "नोंद पुन्हा एकदा बघायची का?" हे म्हणाले, "अगं, मीच केलीय. पाठ आहे मला." ती लगेच म्हणाली, "मग झालं."

दुसऱ्या दिवशी ती सकाळच्या बसने गेली. यांची सुट्टी होती. मी घरी शिवणकाम करते, पडदे आणि शाळेचे गणवेश. जेवणं झाली, मी मशीनवर बसले, आणि उगाच मनात आलं, पोरगी कुठे गेलीय बघावं तरी. फोनवर सूची उघडली. यांचं नाव बघून बरं वाटलं. खाली इमारतीचा फोटो होता.

"अहो, या बघा. छान आहे हो जागा. नवं कोरं छप्पर घातलंय, निळं."

हे चष्मा पुसत मागे येऊन उभे राहिले. मग माझ्या हातातून फोन घेतला, फोटो मोठा केला, अजून मोठा केला.

"पाइप कुठंय?"

"कसला पाइप?"

"फ्यूम हूडचा. छपरावर होता, टोपी घातलेला. मी स्वतः फोटो काढला होता गं. पाइप कुठंय?"

मी बघितलं. निळं छप्पर या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट. त्यावर एक कावळासुद्धा नव्हता. मी यांच्याकडे पाहिलं. हा माणूस रोज कशाला ना कशाला भितो, त्याची मला सवय आहे. भ्यायले की हे बोलत सुटतात. आत्ता हे गप्प होते. ओठ पांढरे पडले होते.

"जुन्या छपरावरून नवं टाकलंय. पाइप मधेच कापलाय. पंखा फिरतोय, पण हवा बाहेर जात नाहीये, पोटमाळ्यावरून परत खाली खोलीत येतेय. आणि मी 'चालू' लिहिलंय. हा फोटो मीच लावलाय. माझ्या हातांनी लावलाय, पण बघितला नाही."

खारीचा फोन बंद. तिथे दारातच फोन काढून घेतात, हेही यांनीच नोंदीत लिहिलेलं. प्रयोगशाळेचा नंबर लावला, वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला. कुणी उचलेना. प्रमुखांचा नंबर लावला, तोही तसाच. मी म्हटलं, "जेवायला गेले असतील," आणि मलाच माझा आवाज ओळखू येईना. डोळ्यांसमोर एकच येत होतं, फुप्फुसात पाणी. ते जेवताना ऐकलेलं. तेव्हा मी म्हटलं होतं, जरा भाजी वाढा आणि गप्प बसा.

"चल," हे म्हणाले.

कुलूप लावलं की नाही तेही आठवत नाही. यांनी ओढून बघितलं नाही, एवढं खरं. स्कूटर सुरू केली, हे मागे बसले, आणि गल्लीच्या तोंडाशी मी सवयीने वेग कमी केला तर कानाशी आवाज आला, "जोरात चालव."

लग्नाला इतकी वर्षं झाली, हा शब्द मी यांच्या तोंडून ऐकला नव्हता. हेच जोरात म्हणतायत म्हणजे काय समजायचं? ट्रकांच्या मधून काढली गाडी. खाणीकडच्या रस्त्यावर पांढरी धूळ, डोळे उघडे ठेवणं मुश्कील. मागे हे तिचा नंबर लावत होते, बंद, पुन्हा लावत होते. मी मनातल्या मनात पोरीला शिव्या घालत होते. दगडच का, म्हटलं? शिवणकाम शिकली असतीस तर सुई टोचण्यापलीकडे काय झालं असतं? आणि यांना शिव्या घालत होते. कुलूप दहादा बघता, आणि हे एकदा बघता आलं नाही?

इमारत दिसली. हे उतरता उतरता वर बघत होते. छप्पर निळं, सपाट. फोटो खोटं बोलत नव्हता. फाटकावरचा माणूस म्हणाला, "साहेब, नाव, वेळ, सही." नियम म्हटलं की हात जोडणारा हा माणूस त्याच्या बाजूने सरळ आत घुसला. मी मागे धावले. लांब बोळ, दोन्हीकडे दारं, कुठूनतरी घरघर. "वास येतोय का?" मी विचारलं.

"वास यायची वाट बघायची नसते," हे म्हणाले.

शेवटच्या दाराला काचेची चौकट होती. तिच्यातून मला खार दिसली. गॉगल, एप्रन, कोपरापर्यंत मोजे. काचेच्या कपाटासमोर उभी. एका हातात पांढरी प्लॅस्टिकची बाटली, आणि दुसरा हात झाकणावर.

मी ओरडणार होते. तोंड उघडलंच होतं. यांनी माझ्या तोंडावर हात दाबला, जोरात, दात लागले माझे. "दचकेल ती," हे कुजबुजले. मग दार इतकं हळू ढकललं की बिजागरीही वाजली नाही, आणि शाळेसाठी उठवताना काढायचे त्या आवाजात म्हणाले, "खार, झाकण उघडू नकोस हं. बाटली खाली ठेव. हळू. हळू."

तिने मान न वळवता बाटली ठेवली. मग वळून बघितलं. "बाबा? आई?"

"बाहेर ये."

ती बोळात आली आणि मी तिला धरलं, मोज्यांसकट, एप्रनसकट. हे ओरडले, "मोज्यांना हात लावू नकोस!" तेव्हा कुठे मला वाटलं की हे अजून आपले हेच आहेत. गॉगल काढला तर तिचे डोळे लालबुंद. आवाज घोगरा. "सकाळपासून घसा खवखवतोय. मला वाटलं खाणीची धूळ." सकाळी साधं आम्ल घालून दगडातला चुना काढायचा होता, त्याचा फेस संपला की मग हे मोठं आम्ल. दगडात चुना अपेक्षेपेक्षा जास्त निघाला. फेस संपेचना. नाहीतर तिने ही बाटली जेवणाआधीच उघडली असती.

आमचा आरडाओरडा ऐकून शेजारच्या खोलीतून प्रमुख आले. दाढीवाले, साधे गृहस्थ, हातात अजून चमचा. "काय झालं? पंखा चालू आहे की."

यांनी खिशातून टिश्यू काढला. पट्टी दोनदा वाकडी फाटली. मग श्वास रोखून आत गेले आणि काचेच्या दारापाशी पट्टी धरली. वर पंखा गरजत होता. पट्टी सरळ खाली लोंबत राहिली. थोड्या वेळाने हलली, पण आमच्याकडे, बाहेरच्या बाजूला.

प्रमुखांनी चमचा खिशात घातला. "छप्पर बांधकाम विभागाने घातलं," ते म्हणाले. "फ्यूम हूड आमचं आहे. पाइप... पाइपचं मला कुणी विचारलंच नाही." त्यांचा चेहरा बघून मला त्यांच्यावर ओरडताही येईना. त्यांचेही विद्यार्थी तिथेच काम करत असणार.

आम्ही सगळे बाहेर पायऱ्यांवर येऊन बसलो. खार पाणी पीत होती. यांनी तिला विचारलं, अगदी हळू, रागावल्यासारखं नाही, "तू पट्टी नाही धरलीस?"

तिने एप्रनच्या खिशातून घडी केलेला टिश्यू काढून दाखवला. "आणला होता. सगळीकडे धरते. लोक हसतात तरी धरते." तिने टिश्यू पुन्हा खिशात ठेवला. "इथे खाली तुमचं नाव होतं ना, बाबा. म्हणून नाही धरली."

हे पायरीवर दोन्ही हात गुडघ्यांमध्ये दाबून बसले, थंडी वाजल्यासारखे, आणि ऊन तर रणरणत होतं. मी खूप बोलायचं ठरवलं होतं येताना. त्याऐवजी उठले आणि खारीला अजून पाणी आणून दिलं.

डॉक्टरांनी खारीचा घसा बघितला, छाती ऐकली, वाचलात म्हणाले. सकाळच्या आम्लाने नुसतं चाटून सोडलं होतं. यांनी दवाखान्याच्या बाकावर बसून, तिचं नाव पुकारायच्या आधीच, फोनवरून त्या नोंदीपुढचं 'चालू' काढून 'बंद' केलं. मग एकेक करून, खुर्चीत बसून केलेल्या सगळ्याच नोंदींपुढे 'पाहिलेले नाही' असं लिहीत गेले. साहेबांचा फोन आला. हे उभे राहिले, घाम पुसला, "हो सर" म्हणाले, "नाही सर" म्हणाले, आणि लिहीतच राहिले. हल्ली पुन्हा बसने फिरतात. प्रत्येक ठिकाणी आधी इमारतीच्या बाहेर उभं राहून छपराकडे बघतात, असं खार सांगते. तीच कधीकधी बरोबर जाते.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. घरी आलो. दार नुसतं ओढलेलं होतं, कुलूप लावायचं राहूनच गेलं होतं. मी म्हटलं, दोन घास तरी करते. यांनी पंखा लावला, पट्टी फाडली, जाळीसमोर धरली. चिकटली. मान हलवली, बाहेर जाऊन बसले.

मी काडी पेटवणार तोच खार आत आली. तिने आपल्या खिशातला तो टिश्यू काढला, पट्टी फाडली आणि जाळीसमोर धरली. चिकटली. ती बघत उभी राहिली, जरा जास्तच वेळ.

मी वळून पाहिलं तर हे दारात उभे होते. त्यांनी बघितलं होतं. तिलाही कळलं, आणि तिचे कान लाल झाले.

"बघ, बघ," हे म्हणाले. "असंच बघत जा. माझ्यावर जाऊ नकोस."

रात्री मला म्हणाले, बरं झालं, शिकली पोरगी. मला काही यांना बरं वाटल्यासारखं दिसलं नाही. ती अजूनही इथेच राहते, अजूनही दगड आणते, मी अजूनही स्वयंपाकघरातून ओरडते, गॅस बंद केलास का म्हणून. ती उठते आणि बघून येते.